न्हाणीघराचा उलटा उतार

नव्या फरशीवर बादलीभर पाणी ओतले, तेव्हा ते जाळीकडे न जाता दाराच्या कोपऱ्यात साचले. सांधे पुन्हा भरून वेळ मारून नेण्याचा सल्ला मला मुळीच पटला नाही. दोन फरश्या उकलून स्पिरिट लेव्हल (पातळी सपाट आहे का ते बुडबुड्यावरून दाखवणारी पट्टी) ठेवली, तर तिच्यातला बुडबुडा जाळीच्या बाजूला सरकला. म्हणजे खालचा थरच तिकडे उंच होता. मग तो सगळा फोडून, जलरोधक लेप नव्याने देऊन, तो वाळल्यावर जाळी बुजवून २४ तास पाणी साठवले, आणि पातळी उतरली नाही तेव्हाच दर मीटरला सुमारे १२ मिलिमीटर उतार दोरीने आखून फरशी बसवली. तुटलेल्या फरश्यांची तीच छटा मिळाली नाही, त्यामुळे दारामागची रांग किंचित फिकट आहे.