काचेची हीट ट्रीटमेंट: ताण गेला म्हणजे काम झालं नाही

टीजी (काच गार होताना ज्या तापमानाच्या आसपास घट्ट होते ते) म्हणजे काय, ॲनीलिंग (सावकाश गार करून ताण घालवणं) आणि टेम्परिंग (झटपट गार करून पृष्ठभागावर मुद्दाम दाब ठेवणं) यांत फरक काय, हे तुम्ही वाचलेलं असणार. मी सांगते ते थर्मल हिस्ट्रीबद्दल, म्हणजे काच कशी तापली आणि कशी गार झाली याबद्दल. मला सगळ्यात जास्त रडवलं ते तिनेच.

एकाच ओतातले दोन तुकडे घ्या. एक उघड्यावर झटपट गार झालेला, दुसरा भट्टीत सावकाश. घटक तेच, एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात) स्फटिक नसल्याची खूण असलेला तोच पसरट उंचवटा. तरी या दोन वेगळ्या काचा आहेत. सावकाश गार होताना रचनेला जुळवून घ्यायला वेळ मिळतो, ती आणखी खालच्या तापमानाला गोठते. रचना ज्या तापमानाला गोठली, ते फिक्टिव्ह तापमान. सोडा-लाइम काचेत त्यामुळे घनता आणि अपवर्तनांक किंचित वाढतात. (फ्यूज्ड सिलिका उलटी वागते. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.)

आता फसगत कुठे होते ते. पोलॅरिस्कोपमध्ये (ध्रुवित प्रकाशात काचेतला ताण रंगांनी दाखवणाऱ्या उपकरणात) रंग दिसेनासे झाले की ‘ॲनील झालं’ म्हणून मोकळे होतात. अहो, ताण गेला, एवढंच! ॲनीलिंग पॉइंट या तापमानाला ताण काही मिनिटांत उतरतो, त्याखालच्या स्ट्रेन पॉइंटला काही तासांत. पण फिक्टिव्ह तापमान ठरतं ते पुढे कोणत्या दराने गार केलं त्यावर. पातळ तुकडा तर झपाट्याने गार होऊनही जवळजवळ ताणमुक्त दिसू शकतो, आणि आत रचना मात्र वरच्या तापमानाचीच असते. असे नमुने मिसळून कडकपणा मोजलात, तर आलेखातला फरक रासायनिक घटकांचा की गार करण्याचा, हे कुणीच सांगू शकणार नाही. म्हणून सगळे नमुने टीजीच्या थोडं वर न्या, एकाच दराने खाली आणा आणि तो दर वहीत लिहा.

वर नेताना रेंगाळू मात्र नका. सोडियम बोरोसिलिकेटच्या काही काचा 500 ते 600 अंशांत दोन फेजांत, म्हणजे वेगवेगळ्या घटकांच्या दोन भागांत, विभागतात. त्यातली बोरेटवाली फेज आम्लात विरघळते. व्हायकॉर ही जवळजवळ शुद्ध सिलिकाची काच याच गुणावर बनते, पण तुम्हाला टिकाऊ काच हवी असेल तर हा घातच.

दुसऱ्याच्या शोधनिबंधातलं शेड्यूल जसंच्या तसं उचलणं मला मुळीच पटत नाही. भट्टी वेगळी, नमुन्याची जाडी वेगळी. मार्गदर्शक ‘करून टाक’ म्हणाले तरी आधी भट्टी सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांना विचारा. पडद्यावरचा आकडा आणि नमुन्याजवळचं तापमान यांत किती तफावत असते, हे त्यांनाच ठाऊक असतं. 1953 मध्ये कॉर्निंग कंपनीतले संशोधक स्टूकी यांची भट्टी 600 ऐवजी 900 अंशांवर गेली आणि ग्लास-सिरॅमिक (काचेत स्फटिक वाढवून बनलेला पदार्थ) हाती लागलं, हे खरं. त्या भरवशावर राहू नका, नमुन्याशेजारी स्वतंत्र थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावा.

आणि आधीचे नमुने फेकू नका. तडकले किंवा स्फटिक झाले नसतील तर टीजीच्या वर नेल्यावर जुना इतिहास बराचसा पुसला जातो. तेच तुकडे पुन्हा वापरता येतात.