बाळाचं वरचं खाणं सुरू झालं आणि शी कडक व्हायला लागली? या चुका टाळा

उष्टावण होतं, मामा मांडीवर घेऊन खीर चाटवतो, फोटो होतात आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत घरात एकच विषय सुरू, आज शी झाली का. आई ऑफिसमधून फोन करून विचारते, आजी सांगते सकाळपासून कुंथतोय नुसता, आणि मग बिल्डिंगमधल्या प्रत्येकाकडे एक उपाय असतोच. यातले काही उपाय चांगले आहेत, काही बाळाला इजा करणारे आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

बहुतेक घरांत दोष एकाच पदार्थावर ढकलला जातो. केळ्याने झालं, नाचणीने झालं. पण मुंबईत नोकरी करणाऱ्या आईचं गणित बघा, २०१७ पासून कायद्याने पगारी रजा २६ आठवडे, म्हणजे बाळ सहा महिन्यांचं होतं तेव्हाच, किंवा रजा डिलिव्हरीआधी घेतली असेल तर त्याच्याही आधी, ती संपते. मग एकाच पंधरवड्यात खाणं नवीन, अंगावरचं दूध कमी आणि डब्याचं किंवा पिशवीचं दूध जास्त, भरवणारे हात वेगळे, झोपेच्या वेळा वेगळ्या. पोटाला सगळं एकदम निस्तरावं लागतं. त्यामुळे नुसतं केळं बंद करून फरक पडत नाही आणि आपण हैराण होतो की आता अजून काय बंद करू.

दिवस मोजू नका, शी बघा

फक्त अंगावर पिणारं बाळ चार-पाच दिवस, कधी आठवडाभरसुद्धा शी करत नाही, आणि केली की मऊ असते, ते बद्धकोष्ठ नाही. उलट एखादं बाळ रोज शी करतं पण बकरीच्या लेंड्यांसारखे सुके खडे पडतात आणि करताना किंचाळतं, तर ते नक्की बद्धकोष्ठ. अजून एक प्रकार आहे ज्यात घरचे उगाच घाबरतात, बाळ दहा-दहा मिनिटं लालबुंद होऊन कुंथतं, रडतं, आणि शेवटी मऊ शी करतं. पोटाने जोर लावताना खालचे स्नायू सैल सोडायचे असतात हे त्याला अजून जमलेलं नसतं, बास. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांमध्ये हे दिसतं आणि आपोआप जातं, त्याला औषध नको.

रंगावरूनही घोटाळे होतात. आयर्नचे ड्रॉप्स चालू असतील तर शी काळपट-हिरवी होते, बीट भरवलं असेल तर लाल दिसते. ड्रॉप्समुळेच शी कडक झाली असं वाटलं तरी मनाने बंद करू नका, सहा महिन्यांनंतर बाळाला लोह लागतंच, डोसचं डॉक्टरांशी बोला.

वाटीत नेमकं काय जातंय

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या सगळ्या प्रेमापोटी होतात. बाळाला पचावं म्हणून आपण सगळं गाळतो. नाचणीचं सत्व कसं करतो बघा, नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाटायची, मलमलच्या फडक्यातून पिळून गाळायची, आणि फडक्यात जो चोथा राहतो तो टाकून द्यायचा. शी मऊ करणारा तंतू बराचसा त्या चोथ्यातच गेला. मग दुपारी मऊ भात, वरणाचं नुसतं वरचं पाणी, संध्याकाळी साल काढून उकडलेलं सफरचंद, रात्री रव्याची खीर. एकेक पदार्थ वाईट नाही पण दिवसभराची बेरीज केली तर तंतू जवळजवळ नाहीच.

मिक्सरमधून फिरवलं तर चालतं, तंतू बारीक होतो पण राहतो. चाळणीने किंवा फडक्याने गाळलं की तो जातो. म्हणून मुगाची खिचडी छान शिजवून पळीने घोटा आणि तशीच द्या, त्यात लाल भोपळा, दुधी, पालक, सोललेले मटार यातलं काहीतरी एक शिजवून घाला, वरून चमचाभर साजूक तूप. नाचणी द्यायचीच असेल तर पीठ बारीक चाळणीने न चाळता खीर करा, आणि रोज तीनही वेळा तीच नको. वरणाचं पाणी हे मात्र अगदी सोडून द्या, त्यात पोषण फार कमी आणि बाळाचं पोट मात्र भरतं.

फळांचं सांगायचं तर पपई, पेअर, मऊ पिकलेला चिकू ही तिन्ही मंडईत नाहीतर नाक्यावरच्या फळवाल्याकडे मिळतात. पेअर आणि सुके आलुबुखार यात सॉर्बिटॉल नावाची साखर असते, ती आतड्यात पाणी धरून ठेवते म्हणून शी मऊ होते. काळे मनुके रात्री भिजवून सकाळी चांगले कुस्करून दिले तरी बऱ्याच बाळांना उपयोग होतो, अख्खा मनुका कधीच नाही, घशात अडकतो. केळ्याबाबत इतकंच की हिरवट, अर्धकच्चं केळं शी घट्ट करतं, सालीवर काळे ठिपके आलेलं वेलची केळं तेवढा त्रास देत नाही. नवीन पदार्थ एका वेळी एकच आणि दोन-तीन दिवस थांबून पुढचा, म्हणजे काय मानवलं नाही ते कळतं. सुरुवातीला दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोन-तीन वेळा, एवढंच पुरे असतं. शेजारचं बाळ वाटीभर खातं म्हणून आपल्याला कोंबायचं नाही.

माझ्या बहिणीच्या मुलीला पाळणाघरात ठेवायला लागले तेव्हा घरचं सगळं बरोबर होतं, डब्यात खिचडी, पपईचे काप, सगळं. तरी शी खड्यासारखी. शेवटी बहिणीने तिथल्या काकूंना शांतपणे विचारलं की मधल्या वेळेला काय देता, तेव्हा कळलं की चारच्या सुमारास पिशवीच्या दुधात बुडवलेली मैद्याची बिस्किटं रोज चालू होती, पोरगी आवडीने खाते म्हणून. काकूंना रागावण्यासारखं काही नव्हतं, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. बिस्किटं आणि ते दूध थांबलं, त्या वेळेला आईचं काढून ठेवलेलं दूध आणि पेअर सुरू झालं आणि आठवड्याभरात बरं वाटलं. तर डबा भरताना पाळणाघरातला किंवा आजीकडचा पूर्ण दिवस विचारून घ्या.

दूध आणि पाणी

एक वर्षाच्या आत गाईचं-म्हशीचं दूध मुख्य दूध म्हणून नको. शी कडक होते हा एक भाग, पण त्यात लोह कमी असतं आणि काही बाळांच्या आतड्यातून नकळत रक्तही जातं, त्यामुळे रक्त कमी होतं. आईचं दूध चालू ठेवा, जमेल तेवढं काढून ठेवा, नाहीच जमलं तर डॉक्टरांनी सांगितलेलं डब्याचं दूध. पण डब्यावर लिहिलेलं प्रमाण म्हणजे प्रमाण. बाळाचं पोट भरत नाही म्हणून अर्धा चमचा पावडर जास्त टाकली की दूध घट्ट, शी पण घट्ट, आणि किडनीवर ताण वेगळा. चमचा सपाट करूनच घ्यायचा, आधी पाणी मोजायचं मग पावडर.

पाणी बरेच जण द्यायचंच विसरतात, किंवा एकदम बाटलीभर देतात. सहा महिन्यांच्या आत पाणी नको, नंतर खाण्याबरोबर उकळून गार केलेलं पाणी चमच्याने नाहीतर छोट्या पेल्याने घोट घोट, दिवसभरात मिळून साधारण अर्धा ते पाऊण कप. ऑक्टोबरच्या उकाड्यात किंवा मे महिन्यात बाळ घामाघूम होतं तेव्हा घोट थोडे वाढवा आणि अंगावर जास्त वेळा घ्या. ज्यूस नको, साखरेचं पाणी नको.

जे अजिबात करू नका

विड्याच्या पानाचं देठ तेलात बुडवून शीच्या जागी घालणं, साबणाची कांडी, थर्मामीटरचं टोक. हे आपल्याकडे अजून सर्रास चालतं आणि सांगणारी माणसं मायेचीच असतात, त्यामुळे नाही म्हणणं अवघड जातं, तरी म्हणा. तिथली त्वचा इतकी नाजूक असते की चीर पडते, साबणाने आग होते, मग बाळ दुखेल म्हणून शी धरून ठेवतं, धरली की अजून कडक होते, आणि चक्र सुरू. ग्लिसरीनची कांडीसुद्धा डॉक्टरांनी सांगितली तरच.

मध एक वर्षाच्या आत चाटवायचा नाही, गुटीत उगाळूनही नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, ते बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात, आणि त्या आजाराचं पहिलं लक्षण बऱ्याचदा बद्धकोष्ठच असतं. एरंडेल, मोठ्यांची पोट साफ करायची चूर्णं, मेडिकलवाल्याने हातात दिलेलं सिरप, हे सगळं बाजूला.

घरच्या घरी करण्यासारखं बरंच आहे. पोटावर कोमट तेलाच्या हाताने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलका मसाज, पाय सायकलसारखे चालवणं, कोमट पाण्याची अंघोळ, आणि चटईवर भरपूर लोळू-रांगू देणं. मालिशवाल्या मावशींना पोट जोरात दाबू नका म्हणून सांगा.

डॉक्टरकडे कधी

आठवडाभर खाणंपिणं सुधारूनही खडेच पडत असतील, शीला रक्त लागत असेल, वजन वाढत नसेल, बाळ मलूल आणि अंगाने ढिलं वाटत असेल तर आपल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्रास जन्मापासूनचा असेल, पहिली काळी शी ४८ तासांत झाली नव्हती असं आठवत असेल तर ते मुद्दाम सांगा, डिस्चार्ज पेपर बरोबर न्या. पोट फुगून टणक झालंय किंवा हिरवी उलटी झाली तर मात्र सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजलेले असले तरी मुलांची इमर्जन्सी चालू असलेल्या हॉस्पिटलमध्ये जा.

आणि डॉक्टरांनी शी मऊ ठेवायचं औषध लिहून दिलं, बहुतेक वेळा लॅक्टुलोज असतं, तर दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून बाटली कपाटात ठेवू नका. पडलेली चीर भरायला आणि शी करताना दुखतं ही बाळाची भीती जायला काही आठवडे लागू शकतात, तोवर डॉक्टर सांगतील तसं चालू ठेवा आणि त्यांना विचारूनच हळूहळू कमी करा.