वावरात डिझेल सांडलं? मग या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात धुऱ्यावरची डिझेलची कॅन लुडकली, दहाएक लिटर काळ्या मातीत जिरलं, अन् मी शहाण्यासारखं पयलं काम काय केलं तर धुण्याची पावडर टाकून पाणी मारलं. डिझेल गेलं नाई, पसरलं. उन्हाळ्यात आपल्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा असतात, पाण्यासंग तेल तिथून खाली उतरतं, अन् शेजारी विहीर असली तर मग बोलायलाच नको. काडी लावून जाळायचं तर डोक्यातही आणू नका.

दुसरी चूक, खड्डा करून गाडणं. तेल खाणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो, खोलात हवा नाई म्हणून ते तेल वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. त्यापेक्षा ती माती खरवडून ताडपत्रीवर वीतभर थरात पसरा, ढेकळं फोडा, थोडं शेणखत अन् हवा खेळायला थोडंसं कुटार, म्हणजे भुसा, घाला, सावली करा अन् आठवड्यातून एकदा फावड्यानं खालीवर करा. ओल एवढीच की मूठ दाबली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये. पावसात झाका, चिखल झाला की हवा बंद.

कुटार जास्त झालं तर ते कुजवण्यातच नत्र जातं, अन् नत्राचाच तर खरा घोळ आहे. जिवाणूंना तेलातून कार्बन भरपूर मिळतो, नत्र मिळत नाई, मग ते मातीतलं ओढतात अन् पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पिवळी पडते, आपण मात्र रोग समजून फवारत बसतो. ठोकताळा असा की 100 भाग कार्बनला 10 नत्र अन् 1 स्फुरद. दहा लिटर डिझेलमध्ये साधारण 7 किलो कार्बन, म्हणजे नत्रासाठी दीड किलो युरिया अन् स्फुरदासाठी किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट, तेही तीन-चार वेळा करून, एकदम ओतलं तर जिवाणूच होरपळतात.

बाटलीतलं जिवाणूंचं कल्चर काहून घ्यायचं? स्यूडोमोनास, रोडोकॉकस असे तेलखाऊ मातीत आधीच असतात. 1989 मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डीझ जहाजातून तेल सांडलं तेव्हाही किनाऱ्यावर जिवाणूंकडून तेल खाववायला मुख्यतः खतच मारलं, जिवाणू तिथलेच होते.

वास गेला म्हणून लगेच पेरू नका. हलका भाग उन्हानं उडून जातो, जड भाग राहतो. सुरुवातीला तेलखाऊच माजतात, बाकीचे दबतात, अमोनियाचं नायट्रेट करणारे तर लय नाजूक, ते उशिरा परततात. वाळलेल्या ढेकळावर पाण्याचा थेंब टाकून पाहा, मोत्यासारखा वरच राहिला तर तेल आहे अजून. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल असेल तर हा उपाय पुरत नाई, त्यातले धातू कोणताच जिवाणू खात नाई, ती माती वावरात परत टाकूच नका.

मी त्या मातीत कुंडीत मूग लावून पाहिले. ऑगस्टात दहातले तीन उगवले, दिवाळीनंतर आठ. तरी तेवढा तुकडा यंदा रिकामाच ठेवलाय.