लेकरू गोठ्यात आणायचं तर

माझा मुलगा स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक आहे. चौथीपर्यंत शाळेत शेवटच्या बाकावर कान दाबून बसायचा. औसा तालुक्यातल्या आमच्या शेतात मात्र तासभर एका शेळीजवळ निवांत असायचा. ते बघूनच मी अशा लेकरांना शेतावर आणून जनावरांसोबत काम द्यायला सुरुवात केली. आता आठवड्यातून 3 दिवस सकाळी 6 लेकरं येतात. कुणी बोलत नाही, कुणाला फिट येते, कुणाला शिकायला वेळ लागतो. तुमच्याकडे थोडी जमीन आणि असं एखादं लेकरू असेल, तर तुमच्यासाठी लिहितेय.

पहिल्यांदा शेळी घ्या, आपली उस्मानाबादी. म्हैस नको. शेळी लेकराच्या कमरेएवढी असते, हिसका दिला तरी मोठ्या माणसाला आवरते. गाभण राहिली की 5 महिन्यांत विते, बऱ्याचदा जुळी देते, त्यामुळे लेकराला वाट बघायला काहीतरी मिळतं. लेकरं असताना बोकड मोकळा सोडू नका. घरी देवणी गाय असेल तर गव्हाणीच्या अलीकडून चारा टाकू द्या, तेवढं पुरे.

काम एकच द्या, पण खरं द्या. शेळीला पाणी पाजायचं म्हणजे बादली घ्यायची, हौदावर जायचं, भरायची, आणायची, कुंडीत ओतायची. सुरुवातीला सगळं तुम्ही करा आणि फक्त ओतणं त्याच्यासाठी ठेवा. ते जमलं की आणणं, मग भरणं. उलटं शिकवायचं. कारण शेवटच्या पायरीवर शेळी पाणी प्यायला तोंड घालते, आणि ते आपल्यामुळे झालं हे लेकराला पहिल्याच दिवशी दिसतं. ओतायला 10 मिनिटं लागली तरी हात पुढे करू नका. सगळ्यात अवघड हेच आहे, आईबापांना तर फारच.

ओल्या मातीला हात लावायचा नाही, असं कितीतरी लेकरांचं असतं. जबरदस्ती करू नका. आमच्याकडे एक 14 वर्षांची मुलगी बोटं मुठीत मिटूनच यायची. तिच्यापुढे घमेल्यात कोरडी ज्वारी ठेवली. पहिले काही दिवस ती नुसती बघत राहिली, मग एक बोट घातलं, मग मनगटापर्यंत हात. दाणे बोटांतून सांडताना ती हसली. नंतर कोरडा भुसा, मग ओलसर भुसा, मग भिजवलेली पेंड. मेथीच्या वाफ्यातल्या मातीपर्यंत यायला पावसाळा उजाडला. तिच्या आईनं तो हात फडक्यानं पुसायला घेतला, तर मुलीनंच मागे ओढला.

वेळ रोज तीच ठेवा. उन्हाळ्यात 7 ला या, 9 ला सावलीत. आपल्या मराठवाड्यातलं ऊन थट्टेचं नाही, आणि फिटच्या काही औषधांनी घाम कमी येतो, अंग तापतं. डॉक्टरांना आधी विचारा. विहिरीला कठडा आणि जाळी, फवारणीची औषधं कुलपात, सगळ्यांच्या पायात बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं. दूध उकळूनच द्यायचं, शेळी व्याल्यावर पडणारी वार किंवा गाभडलेली (गर्भ पडलेली) शेळी यांच्याजवळ कुणालाही जाऊ द्यायचं नाही. गोठ्यातून निघताना साबणानं हात धुवायचे.

शाळेतलं नाव काढू नका. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शेत त्याच्या जोडीला.

सोयाबीन काढणीला माणसं मिळत नाहीत म्हणून लेकरांना रांगेत उभं करणारा शेतकरी मी बघितलाय. तसं करायचं असेल तर हे सुरूच करू नका.

आणि ज्या शेळीला लेकरू पाणी पाजतं ती विकू नका. बाजारात चांगला भाव आला तरी नाही. आजारी पडली, मेली, तर त्याला दाखवा, जिथं पुराल तिथं सोबत न्या. आमची पहिली शेळी गेली तेव्हा माझा मुलगा 4 दिवस रिकामी कुंडी भरत राहिला. मी भरू दिली. पाचव्या दिवशी त्यानं बादली उचलली आणि दुसऱ्या शेळीच्या कुंडीकडे गेला.