दोन आसनी प्रशिक्षण विमान: आराखड्यापासून पंखाच्या चाचणीपर्यंत

१९६४ साली ओझरला मिग विमानांसाठी कारखाना उभा राहिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच ठिकाणी एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाच्या दुसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले. त्यामुळे नाशिकचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी हलक्या विमानाचा आराखडा प्रकल्प म्हणून निवडतात, याचे मला मनापासून अप्रूप वाटते. मात्र अशा प्रकल्पाच्या वहीत पहिल्याच पानावर बहुधा कमाल वेग लिहिलेला असतो. प्रशिक्षण विमानाची सुरुवात तिथून करू नये. नवशिक्या वैमानिकाची चूक महागात पडते ती कमी वेगात, धावपट्टीकडे वळताना; म्हणून विमान किती सावकाश उडू शकेल, हे आधी ठरवावे.

त्यासाठी प्रथम वजनाचा ताळेबंद मांडावा. बंगळुरूच्या हंसा-३ या दोन आसनी प्रशिक्षण विमानाप्रमाणे कमाल वजन ७५० किलो धरले, तर दोन माणसे व थोडे सामान यांचे १७० किलो आणि ७५ लिटर इंधनाचे सुमारे ५४ किलो वजा जाता रिकाम्या विमानासाठी ५२६ किलो उरतात. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहावा आणि प्रत्येक भाग तयार होताच तोलून त्याची नोंद त्याखाली करावी.

आता फ्लॅप (पंखामागच्या खाली झुकणाऱ्या झडपा) उघडे असताना स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंखावरचा प्रवाह सुटून विमान हवेत टिकत नाही तो वेग, ४५ नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे २३ मीटर, हवा आणि उद्धरण गुणांक (पंख किती उचल देतो, हे सांगणारा आकडा) १.९ मिळेल, असे धरल्यास पंखाचे क्षेत्रफळ जवळपास ११.८ चौरस मीटर येते. हे गणित समुद्रसपाटीचे झाले. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि एप्रिलच्या दुपारी पारा ४० अंशांवर गेला, की हवा प्रमाण हवेपेक्षा साधारण १४ टक्के विरळ होते. वेगमापकावर स्टॉलचा आकडा तोच दिसत असला, तरी विमान प्रत्यक्षात ४८ ते ४९ नॉट वेगाने जात असते. शिवाय टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची ताकदही तितकीच किंवा थोडी अधिक घटते. म्हणून उड्डाणाला लागणारी धावपट्टी नेहमी एप्रिलच्या दुपारसाठी मोजावी.

पंखाला टोकाकडे दोन ते तीन अंशांचा पीळ द्यावा, म्हणजे टोकाची पुढची कड किंचित खाली झुकलेली असावी. त्यामुळे मुळाशी प्रवाह आधी सुटतो, टोकाजवळचे एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या झडपा) काही काळ काम करत राहतात आणि विद्यार्थ्याला सावरायला अवधी मिळतो. शेपटीचा आडवा पृष्ठभाग सुमारे २.१५ चौरस मीटर धरावा आणि तो पंखामागे चार मीटरवर यावा. गिरकीत सापडलेल्या विमानाचे रडर (शेपटीची उभी, दिशा बदलणारी झडप) या आडव्या पृष्ठभागाच्या आडोशाला जाणार नाही, हे बाजूच्या चित्रात तपासावे.

साहित्य निवडताना आपल्या गावात कोणते कसब आहे, हे पाहावे. डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली घडलेले आणि १९५१ साली प्रथम उडालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान धातूचे होते, तर हंसा तंतुमिश्रित साहित्याचे आहे. तंतुमिश्रित साहित्याला तापमान आणि आर्द्रता काटेकोर सांभाळावी लागते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पत्रेकामाचे हात मिळतात, म्हणून मी पहिल्या नमुन्यासाठी ॲल्युमिनियमच घेईन.

पंख बांधताना आधी जिग (भाग जागच्या जागी धरणारा साचा) पक्के करावे, त्यात स्पार (पंखाची लांब मुख्य तुळई) बसवावा, मग रिब (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या) आणि शेवटी वरचा पत्रा. पत्र्यावर शिसपेन्सिलने खूण करू नये, कारण ग्राफाइटमुळे ॲल्युमिनियम गंजते. सुईने ओरखडा तर अजिबात काढू नये, कारण तिथूनच तडा सुरू होतो. ०.८ आणि १ मिलिमीटरचे पत्रे जोडायला ३.२ मिलिमीटरचा रिव्हेट घ्यावा आणि छिद्राचा मध्य कडेपासून किमान ६.४ मिलिमीटर आत ठेवावा. छिद्र पाडल्यावर पत्रे सुटे करून दोन्ही बाजूंची कड साफ करावी; छिद्रावरून नख फिरवले असता ते कुठेही अडकता कामा नये. मग क्लेकोने (छिद्रात बसणाऱ्या तात्पुरत्या चिमट्याने) पत्रे पुन्हा आवळून रिव्हेट ठोकावा. मागे तयार झालेले डोके सुमारे ४.८ मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर उंच असावे. ते तिरके बसले, तर रिव्हेट काढून पुन्हा ठोकावा; वरून ठोकून सरळ करण्याचा मोह आवरावा.

पहिला पंख उडण्यासाठी नसतो, चाचणीसाठी असतो. तो उलटा बसवून त्यावर वाळूच्या पिशव्या उद्धरणाच्या वाटपाप्रमाणे, मुळाकडे अधिक आणि टोकाकडे कमी, रचाव्यात. या वर्गातील विमानाला ४.४ जी, म्हणजे वजनाच्या ४.४ पट, इतका मर्यादा-भार (उड्डाणात अपेक्षित असलेला कमाल भार) धरला जातो. तितका भार चढवून उतरवल्यावर पंख पूर्वीच्या जागी यायला हवा आणि एलेरॉन भाराखालीही मोकळे फिरायला हवेत. त्यानंतर दीडपट, म्हणजे ६.६ जी इतका भार चढवून पंख किमान तीन सेकंद टिकतो का, हे घड्याळ लावून पाहावे, आणि या वेळी पंखाखाली कोणालाही उभे राहू देऊ नये.