स्लीप अ‍ॅप्निया असताना व्यायाम: पायांचा, दंडांचा आणि जिभेचाही

स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत घशाची वाट बंद होऊन श्वास पुन्हा पुन्हा अडणं. त्याचं निदान झालं की पहिला सल्ला मिळतो तो वजन कमी करण्याचा. सल्ला बरोबरच आहे, पण मग व्यायामाचा हिशोब फक्त वजनकाट्यावर होतो आणि महिनाभर काटा हलला नाही की बूट कोपऱ्यात जातात. २०११ साली अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत मध्यम ते तीव्र अ‍ॅप्निया असलेल्यांनी १२ आठवडे व्यायाम केला. वजनात फारसा फरक पडला नाही, तरी तासाला श्वास अडण्याची सरासरी साधारण ३२ वरून २५ वर आली. त्यामुळे वजन उतरो न उतरो, व्यायाम चालू ठेवायचा.

हे का घडतं? घसा उघडा ठेवणारा मुख्य स्नायू हनुवटीच्या आतून निघून जिभेत पसरतो. जागेपणी तो जादा काम करून अरुंद वाट सांभाळतो. झोप लागली की सैलावतो आणि जीभ मागे सरकते. शिवाय दिवसभर बसून राहिल्यावर पोटऱ्यांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर मानेकडे सरकतं आणि घशाची वाट आणखी दाटते. पोटऱ्या चालत्या ठेवल्या की ते साठणं कमी होतं. तिकडे रात्रभर प्राणवायू खाली-वर होत राहिल्याने मांड्यांचे स्नायूही लवकर थकतात. दोन जिन्यांत धाप लागते ती नेहमीच जाडीमुळे लागते असं नाही.

सुरुवातीआधी रक्तदाब मोजा. १८०/११० किंवा त्याहून जास्त असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, आधी डॉक्टरांशी बोला. हृदयविकार, छातीत दुखणं, ठोके चुकणं किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर परवानगी घेऊनच सुरुवात करा. गाडी चालवताना डुलकी येत असेल तर व्यायामाला स्वतः गाडी चालवत जाऊ नका. आधी सीपॅप (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन) नीट बसवून घ्या.

आता स्वतःची पातळी मोजा. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर आडवे घ्या आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजून लिहून ठेवा. दर चार आठवड्यांनी हेच करा. वजनकाट्यापेक्षा हा आकडा लवकर बोलतो.

चालण्याचं लक्ष्य आठवड्याला १५० मिनिटं, चार-पाच दिवसांत विभागून. पहिल्या आठवड्यात एका वेळी १५ मिनिटं पुरेत; मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. गुडघे कुरकुरत असतील तर सायकल चालवा. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं सावकाश. वेग किती? बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, इतका. हृदयाचे कमाल ठोके काढायच्या ‘२२० वजा वय’ या सूत्रावर विसंबू नका: अ‍ॅप्नियात व्यायामाच्या वेळी ठोके अपेक्षेइतके वाढत नाहीत असं बऱ्याच जणांत दिसतं, आणि बीटा-ब्लॉकर (रक्तदाब आणि हृदयविकारावरची औषधं) घेणाऱ्यांत तर ते औषधानेच दबलेले असतात. घड्याळातला आकडा गाठण्याच्या नादात माणूस अकारण दमतो. बैठं काम असेल तर दर तासाला उभं राहून २० वेळा टाचा उचला.

ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून. खुर्चीवरून उठबस, पायरी चढउतार, भिंतीला टेकून जोर, थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) छातीकडे ओढणं, डंबेल खांद्यावरून वर नेणं: एवढ्यात सगळे मोठे स्नायू येतात. पहिले दोन आठवडे प्रत्येकाचा एकच सेट, १० ते १२ वेळा. पुढे दोन, मग तीन सेट. बारावी वेळ झाल्यावर आणखी दोनच जमतील असं वाटलं तर वजन बरोबर आहे. सर्वात जास्त चूक इथेच होते: वजन उचलताना श्वास कोंडला जातो आणि रक्तदाब एकदम उसळतो. अ‍ॅप्निया असलेल्या बऱ्याच जणांचा रक्तदाब आधीच चढा असतो, तेव्हा उचलताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. तोंडाने आकडे मोजले की श्वास आपोआप कोंडत नाही.

जिभेचा व्यायाम करताना लोकांना हसू येतं, पण त्याला चांगला आधार आहे. २००९ साली ब्राझीलमध्ये मध्यम अ‍ॅप्निया असलेल्यांनी तीन महिने असे व्यायाम केले, तेव्हा तासाला श्वास अडण्याचा आकडा सुमारे २२ वरून १४ पर्यंत उतरला. आरशासमोर बसा. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवून टाळूवरून मागे सरकवा, २० वेळा. मग अख्खी जीभ टाळूला चिकटवून वर ओढून धरा, २० वेळा. नंतर टोक खालच्या दातांना लावून जिभेचा मागचा भाग खाली दाबा, पुन्हा २० वेळा. शेवटी तोंड उघडून थांबत थांबत ‘आ’ म्हणा: पडजीभ वर उचललेली दिसली पाहिजे. ती हलत नसेल तर तुम्ही नुसता आवाज काढताय. गाल आतून बोटाने बाहेर ढकला आणि गालाने बोट आत दाबा, दोन्ही बाजूंनी १०-१० वेळा. हे सगळं रोज करायचं. आठवड्यातून दोनदा केल्याने काही होत नाही. जबडा दुखला तर दोन दिवस आकडे निम्मे करा.

सीपॅप काढून ठेवू नका. व्यायाम त्याच्या जोडीला आहे, जागी नाही. रात्री मास्क गळत राहिला आणि झोप झालीच नाही, तर दुसऱ्या दिवशी डंबेल नको, १५ मिनिटं चाला एवढंच. दमवणारा व्यायाम झोपायच्या दोन तास आधी आटपा. व्यायाम करताना छाती आवळली, चक्कर आली किंवा ठोके वेडेवाकडे पडले तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

तीन महिने नेमाने झाले की डॉक्टरांशी पुन्हा स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची तपासणी) करण्याबद्दल बोला. घोरणं कमी झालंय असं घरच्यांनी सांगितलं तरी मशीनचा दाब स्वतः बदलू नका. घोरणं थांबूनही श्वास अडत राहू शकतो.