आर-स्क्वेअर ०.९९९ आला म्हणजे कर्व्ह बरोबर, असं नसतं: कॅलिब्रेशनमधल्या या चुका टाळा

नवीन मुलं एलसी-एमएस (रक्तातलं औषध ओळखून मोजणारं यंत्र) चालवायला महिन्याभरात शिकतात. कॅलिब्रेशन कर्व्ह, म्हणजे यंत्राच्या सिग्नलवरून औषधाचं प्रमाण काढायची रेष, मात्र दोन वर्षांनीही सॉफ्टवेअरने दिला तसाच मान्य करतात. रक्तातल्या औषधाचा जो आकडा आपण लिहितो तो पुढे कोर्टात वाचला जातो. त्यामुळे या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या की जीव तुटतो.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक म्हणजे फक्त आर-स्क्वेअर बघणं, म्हणजे बिंदू रेषेला किती जवळून बसले ते सांगणारा आकडा (१ म्हणजे तंतोतंत). मुंबईतल्या ज्या प्रयोगशाळेत मी तेव्हा होतो, तिथे एका प्रवाशाचं रक्त आलं होतं. गाडीत चहातून गुंगीचं औषध देऊन त्याला लुटलं होतं आणि हॉस्पिटलमध्ये पोचायला बराच उशीर झाला होता. अल्प्राझोलाम या गुंगी आणणाऱ्या औषधाची तपासणी मागितली होती. स्टँडर्ड, म्हणजे औषधाचं प्रमाण माहीत असलेले नमुने, होते ५, १०, २५, ५०, १००, २५० आणि ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. रन लावणारा मुलगा म्हणाला, ‘‘सर, आर-स्क्वेअर ०.९९९१ आलाय. नमुना ३.१, म्हणजे लिमिटच्या खाली. रिपोर्ट करू?’’ मी म्हटलं, ‘‘आधी ५चा स्टँडर्ड त्याच रेषेवरून उलटा काढून दाखव.’’

तो आला २. १०चा आला ७.३. आणि ५००चा ४९४! १५चा लो क्यूसी (रन तपासायला ठेवलेला, कमी पण माहीत प्रमाणाचा नमुना) १२.६ वाचत होता, म्हणजे १६ टक्के कमी. २० टक्क्यांच्या मर्यादेत बसला म्हणून कोणी पाहिलंच नाही.

झालं होतं असं. ५००चा सिग्नल जेमतेम ६ टक्के कमी पडला होता. रेष बसवायची साधी लीस्ट स्क्वेअर पद्धत टक्के बघत नाही, अंतर बघते. ५००वरच्या ६ टक्क्यांचं अंतर ३० नॅनोग्रॅम, त्यापुढे तळाच्या ५चं काय चालणार? रेष वरच्या बिंदूकडे झुकते, इंटरसेप्ट वर चढतो आणि तळाचे आकडे खोटे होतात. त्याच बिंदूंना एक भागिले एक्स-वर्ग वेटिंग दिलं (एक्स म्हणजे स्टँडर्डचं प्रमाण, ते जितकं कमी तितकं त्या बिंदूला वजन जास्त) तर ५चा ४.९७ येतो, आणि वरच्या टोकाला चूक पाच टक्क्यांच्या आतच राहते.

त्या बॅचवर वेटिंग बदलून आकडा सुधारायला मी दिलं नाही. जुने सगळे रन काढले. ५०० प्रत्येक वेळी कमीच पडत होता, म्हणजे वरच्या प्रमाणांना डिटेक्टर भरून जात होता, सिग्नल हवा तेवढा वाढत नव्हता. वरचं टोक २५०वर आणलं, वेटिंग ठरवलं, पद्धत पुन्हा व्हॅलिडेट केली, म्हणजे ती भरवशाची आहे हे तपासून घेतलं, आणि मगच नमुन्यातून औषध पुन्हा एक्सट्रॅक्ट करून मोजलं. आला ६. जे ‘लिमिटच्या खाली’ म्हणून गेलं असतं, ते एका माणसाच्या तक्रारीचा पुरावा होतं.

वेटिंग निवडताना माझी सवय साधी आहे. पाच वेगवेगळ्या दिवसांचे रन घ्यायचे. वेटिंगशिवाय, एक भागिले एक्स आणि एक भागिले एक्स-वर्ग, तिन्हींनी प्रत्येक स्टँडर्डची टक्केवारीतली चूक काढायची, प्लस-मायनस सोडून बेरीज करायची. बेरीज सर्वांत कमी ते वेटिंग. मग रेसिड्यूअलचा, म्हणजे प्रत्येक बिंदू रेषेपासून किती हुकला त्याचा, आलेख कागदावर छापून घ्यायचा. बिंदू शून्याच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले हवेत. कमान दिसली तर मॉडेल चुकलंय, नरसाळं दिसलं तर वेटिंग. स्क्रीनवर घाईत नजर फिरवून हे कळत नाही.

दुसरी चूक रोजची: आज लिनियर (सरळ रेष) बसत नाही, मग क्वाड्रॅटिक (वक्र रेष) लाव, तेही नको, मग मधला बिंदू उडव. हे मला अजिबात चालत नाही. मॉडेल व्हॅलिडेशनमध्ये ठरतं आणि तिथेच गोठतं. एएसबी ०३६ या न्यायवैद्यक विषशास्त्राच्या अमेरिकी मानकात शून्य सोडून किमान सहा पातळ्या आणि प्रत्येकीची पाच मोजमापं सांगितली आहेत, ती यासाठीच. चालेल ते सर्वांत साधं मॉडेल घ्या. क्वाड्रॅटिक घ्यायचं तर वक्रता प्रत्येक रनमध्ये दिसली पाहिजे. बिंदू वगळायचा तर कारण आधी लिहिलेलं हवं, निकाल बघून सुचलेलं नको.

बाकीच्या चुका थोडक्यात. रेष ओढून शून्यातून नेऊ नका. शून्य हा मोजलेला बिंदू नाही. क्यूसी आणि स्टँडर्ड एकाच स्टॉकमधून (औषधाच्या मूळ द्रावणातून) बनवू नका, स्टॉक चुकला तर दोन्ही मिळून तेच खोटं सांगतील. स्टँडर्ड मिथेनॉलमध्ये आणि नमुना रक्तात, असं करू नका. स्टँडर्डही ब्लँक ब्लडमध्ये (औषध नसलेल्या रक्तात) बनवा, ते मिळवायला ब्लड बँकेत चार खेपा पडल्या तरी चालेल. वरच्या स्टँडर्डच्या पुढचा आकडा रेष लांबवून कधीही लिहू नका. नमुना ब्लँक ब्लडने डायल्यूट करा, आणि ते डायल्यूशनही आधी तपासलेलं हवं.

आणि संध्याकाळची लोकल गाठायची म्हणून लो क्यूसी गाळू नका. मी तर आता १५ऐवजी तो १२वर ठेवतो, आणि प्रत्येक बॅचमध्ये सर्वांत खालचा स्टँडर्ड किती वाचतोय ते पहिल्यांदा बघतो. आर-स्क्वेअर त्यानंतर.